वाचकांचे प्रश्न : शिडीची वाट आणि मोटारीचं वळण

मागच्या अंकात मी मुंबईतल्या जुन्या दगडी प्याऊंबद्दल लिहिलं होतं. वर माणसांनी पाणी प्यायचं आणि खालच्या हौदात घोड्याबैलांनी, अशी त्यांची बांधणी असते, हे त्यात सांगितलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. ते घोडेबैल गेले कधी, आणि मोटारी आल्यावर रस्ते कसे बदलले, विशेषतः टेकडीवरचे, असं अनेकांनी विचारलंय. हा विषय माझ्या घरातलाच आहे. माझा जन्म वाळकेश्वरचा, बाणगंगेच्या अलीकडच्या एका चाळीतला. माझे आजोबा मलबार हिलवरच्या एका बंगल्यात आधी घोड्यांचे मोतद्दार होते, आणि पुढे त्याच बंगल्यात मोटारीचे क्लीनर झाले. मी स्वतः तीस वर्षं रस्त्यांचे नकाशे काढले. म्हणून या महिन्याची सगळी जागा मी याच विषयाला देते आहे.

प्रश्न : ताई, आमच्या घरी मलबार हिलच्या रस्त्याचा एक जुना फोटो आहे. मागे पेन्सिलीनं १९०९ लिहिलंय. रस्त्यावर एक व्हिक्टोरिया (घोडागाडी), डोक्यावर पाट्या घेतलेल्या दोन बायका आणि अगदी मधोमध निजलेलं एक कुत्रं. आज त्या भागात रस्ता ओलांडायचा तर पाच मिनिटं उभं राहावं लागतं. मोटारी आल्या तेव्हा नक्की काय बदललं? आणि ते एकदम बदललं की हळूहळू? (एक वाचक, गिरगाव)

तो फोटो जपून ठेवा, आणि त्यातलं कुत्रं तर फारच मोलाचं आहे. समोरचं कुत्रं दिसल्यावर गाडीवानाला लगाम ओढायला किंवा बाजूनं काढायला वेळ मिळेल, इतक्याच चालीनं गाड्या जात होत्या, म्हणून ते तिथे झोपू शकलं. रस्त्याचा मध्य तेव्हा सगळ्यांचा होता. मोटार आल्यावर आधी गेला तो हा मध्य.

मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या, म्हणजे तुमच्या फोटोच्या वेळी त्या शहरात होत्याच. पण हाताच्या बोटांवर मोजाव्यात अशा घरांत. तोवर टेकडीवर कोण कसं जाणार हे चढ ठरवत असे. मलबार हिलची उंची ती काय, समुद्रापासून पन्नास मीटरांच्या आसपास. पायी माणसाला दम लागेल, इतकंच. पण चार माणसं बसलेली लँडो ओढणाऱ्या दोन घोड्यांना विचारा. आजोबा वाईकडून मुंबईत आले तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांचं पहिलं काम घोड्याला हात लावण्याचं नव्हतंच. हातात लाकडी पाचर घेऊन गाडीच्या मागून चालायचं. घोडे श्वास घ्यायला थांबले की पाचर चाकामागे सरकवायची, म्हणजे गाडीचा भार घोड्यांच्या छातीवर राहत नाही. निघताना ती काढायची आणि पुन्हा मागून चालायचं. टेकडीवरच्या रस्त्यावर कुठे थांबायचं याच्या जागा घोड्यांना पाठ असत, असं ते सांगत. लगाम न ओढता घोडे तिथे थांबत, आणि आतली माणसंही त्याला उशीर म्हणत नसत.

खटाऱ्यांची, म्हणजे ओझ्याच्या बैलगाड्यांची, गोष्ट वेगळी. त्यांच्या चाकांना लोखंडी धाव, म्हणजे पट्टी. भरलेला खटारा चढावर सरळ नेता येत नाही, नागमोडी न्यावा लागतो, त्यामुळे तो अख्खा रस्ता व्यापतो. मागचे सगळे त्याच्या मागे. जास्त ओझं लादलेल्या जनावरांचे हाल या शहरानं फार आधीपासून पाहिले होते. प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्धची संस्था मुंबईत १८७४ मध्येच निघाली होती.

त्याच १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ ला विजेची आली. ट्रामनं सपाट मुंबई जोडली, पण टेकडीवर ती कधीच चढली नाही. ग्वालिया टँकला, म्हणजे पायथ्याशी येऊन ती थांबे. वर जायचं तर स्वतःची बग्गी हवी, भाड्याची व्हिक्टोरिया हवी, नाहीतर पाय हवेत. पायी जाणाऱ्यांची वाट वेगळी होती. चौपाटीजवळून वर जाणारा जो सिरी रोड आहे, त्यातलं ‘सिरी’ म्हणजे आपली शिडी. वाळकेश्वरच्या देवळाकडे जाणारी पायऱ्यांची जुनी वाट ती. शिडी सरळ चढते, गाडीरस्ता वळसे घेत चढतो. गरीब माणूस त्यामुळे कमी अंतर चालायचा पण जास्त धापा टाकायचा. बग्गीतला माणूस लांबून यायचा पण बसून.

तर मोटार हे या टेकडीवर चढलेलं पहिलं यंत्र. तिला श्वास घ्यायला थांबावं लागत नव्हतं (निदान कागदावर तरी, त्याबद्दल खाली दुसरं पत्र आहे). फोर्टातल्या पेढीतून निघालेला मालक दुपारच्या जेवणाला घरी येऊन परत जाऊ लागला. आजोबांच्या बंगल्यात मोटार १९१३ साली आली. चारांतले दोन घोडे त्याच महिन्यात विकले गेले.

मात्र एक गैरसमज आधीच दूर करते. मुंबईचे रुंद रस्ते मोटारींसाठी झाले असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. १८९६ मध्ये प्लेग आला, त्यापाठोपाठ १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाट वस्तीत हवा खेळावी, समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते काढले गेले. गावदेवीकडून टेकडीच्या कडेनं केम्प्स कॉर्नरला मिळणारा ह्यूज रोड, आताचा न्यायमूर्ती सीताराम पाटकर मार्ग, हाही ट्रस्टचाच. त्याचं नाव ट्रस्टच्या पहिल्या अध्यक्षांचं. माणसांना श्वास घेता यावा म्हणून मोकळी केलेली जागा पुढे मोटारींच्या हाती आयती लागली. नकाशे काढताना मला या गोष्टीचं फार वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

मोटारीनं खरोखर बदलला तो रस्त्याचा वरचा थर. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाकीचं पुष्कळ त्यातून आलं.

जुना रस्ता खडीचा. मोठी खडी, वर बारीक, त्यावर मुरूम, पाणी आणि रोलर. खटाऱ्याची लोखंडी धाव आणि घोड्याची नाल यांच्याखाली दगडाचा भुगा होतो, तो फटींत बसतो, पाणी मारलं की घट्ट होतो. म्हणजे जुन्या वाहनांनी रस्ता झिजत असे आणि थोडाफार दाबलाही जात असे. मोटारीचं रबरी चाक उलटं करतं. ते खडी फोडत नाही, पण वेगानं जाताना फटीतला भुगा उपसून मागे उडवतं. भुगा गेला की खडी सुटी. उन्हाळ्यात मोटार गेली की धुळीचा लोट, आणि मागून येणाऱ्याला काही दिसत नाही. आजी म्हणायची की रस्त्याच्या बाजूला वाळत घातलेली लुगडी संध्याकाळी पुन्हा धुवावी लागत. पाण्याची गाडी शिडकावा करून जायची, पण तासाभरात सगळं कोरडं. या धुळीवरचा इलाज म्हणजे डांबर. खडी डांबरानं बांधली की भुगा उडत नाही, पाऊस आत मुरत नाही, चाक सरसर जातं.

पण डांबर चढावर आलं आणि घोड्यांचे दिवस भरले. खडीवर नाल रुतते, डांबरावर घसरते. चढ-उतारावर, आणि त्यात पहिला पाऊस झालेला असला, तर उभ्या उभ्या घसरते. बंगल्यातल्या थोरल्या बाईसाहेब मोटारीत बसायला तयार नव्हत्या. म्हणून एक बग्गी आणि दोन घोडे त्यांच्यासाठी राहिले होते. एका जूनमध्ये, रस्ता नुकताच डांबराचा झालेला, देवळातून परत येताना उजवीकडची घोडी गुडघ्यांवर पडली. तिचं नाव हिरा. हाड मोडलं नव्हतं, पण त्या दिवसापासून ती त्या वळणाशी आली की थरथरायची. आजोबा खाली उतरून तिच्या तोंडाशी चालायचे, पुढे मूठ मूठ वाळू टाकत. दोन महिन्यांनी तीही विकली गेली. कुणाला, ते त्यांना कळलं नाही. मी त्यांच्याकडून ही गोष्ट कितीदा ऐकली असेल. दरवेळी ‘कुणाला’ या शब्दापाशी ते थांबत.

म्हणून मी म्हणते की घोडा स्पर्धेत हरला हे अर्धं खरं. त्याच्या पायाखालचा रस्ता बदलला, आणि तो बदलताना त्याच्या पायांचा विचार कुणी केला नाही. चढावर खडबडीत दगडी फरशी ठेवता आली असती. जिथे घोड्यांची वाहतूक टिकवायची होती, अशा गावांत ती ठेवली जात असे.

पुढची साखळी तुम्हाला आता दिसेल. घोडे गेले, तबेल्याचा मोटारखाना झाला. टेकडीवर काही जुन्या फाटकांशी एक बैठी इमारत दिसते. खाली रुंद कमानीचं दार आणि वर नोकरांच्या दोन खोल्या. खाली घोडे होते, मग मोटारी आल्या. वरच्या खोलीत माणसं तीच राहिली. आजोबांची खोली तशीच होती. ते सांगत की आधी खालून घोड्यांची ऊब यायची, नंतर पेट्रोलचा वास. पेट्रोल तेव्हा डब्यांतून येई. रिकामे डबे आजी पाण्याला आणि पिठाला वापरायची. नालबंद, गवतवाला, घोड्यांचं चामडी सामान शिवणारा मोची यांचं टेकडीवर येणं बंद झालं. टॅक्सी १९११ च्या सुमारास आली, मोटार चालवायला परवाना लागतो असा देशभराचा कायदा १९१४ मध्ये झाला, आणि १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. १९२८ मध्ये तर शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना निघाला आणि मोटारी मुंबईतच जोडल्या जाऊ लागल्या. आजोबांनी त्याच वर्षी परवाना काढला.

आणि पायी माणूस? आजी रोज दुपारी वाळकेश्वरहून भाकरी घेऊन वर जायची. बाईमाणूस रस्त्याच्या मधून चालायची, कारण कडेला गटार, ओली पानं, साप. मोटार आल्यावर तिला कडेला जावं लागलं. पाटी घेऊन बंगल्यांवर मासळी विकायला जाणाऱ्या कोळणींनाही. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला मागे वळून पाहता येत नाही, हे मोटार चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. भोंगा वाजला की आधी पाटी सांभाळायची की जीव, असा प्रश्न. फुटपाथ हळूहळू बांधले गेले. सोय म्हणून ते चांगलेच, पण ते बांधले की उरलेला रस्ता आपला नाही हेही ठरून जातं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : सपाट मुंबईत बदल हळू झाला. तिथे व्हिक्टोरिया कितीतरी दशकं टिकल्या, अगदी २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं त्या बंद करायला सांगितलं तोवर. टेकडीवर मात्र, माझ्या मते, एका पिढीत सगळं झालं. चढावर घोड्याला सगळ्यात जास्त त्रास होता आणि मोटार घेण्याजोगा पैसाही टेकडीवरच होता.

प्रश्न : जुन्या मोटारी चढावर उलट्या, म्हणजे रिव्हर्समध्ये नेत असत असं आमचे आजोबा सांगायचे. आम्ही मुलं हसायचो. यात तथ्य आहे का? (एक वाचक, माझगाव)

आहे, आणि तुमच्या आजोबांवर विश्वास ठेवा. फोर्डच्या मॉडेल टी या गाडीत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल पंपानं नाही, नुसत्या उतारानं इंजिनकडे वाहत जाई. गाडीचं नाक वर झालं आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की ते इंजिनपर्यंत पोचतच नसे. गाडी फिरवून मागचं तोंड वर केलं की टाकी वर, इंजिन खाली, आणि पेट्रोल पुन्हा वाहू लागे. शिवाय त्या गाडीचा रिव्हर्स गिअर पुढच्या गिअरपेक्षा जोरकस होता.

दुसरा त्रास पाण्याचा. चढावर रेडिएटर उकळे. क्लीनर हवा तो यासाठीच : पाण्याचा डबा घेऊन बसायचं, वाफ निघाली की उतरायचं, फडकं गुंडाळून झाकण सैल करायचं आणि मग पाणी घालायचं. आजोबांच्या डाव्या मनगटावर त्या वाफेचा डाग शेवटपर्यंत होता. गाडी थांबली की चाकामागे लाकडी पाचर लावायची तीही त्यांनीच. बारा वर्षांचे असताना ज्या पाचरीपासून सुरुवात केली तीच त्यांनी मोटारीसाठीही जपून ठेवली होती.

प्रश्न : माझे सासरे खोपोली-खंडाळा घाटात ट्रक चालवायचे. मला गाडी शिकवताना त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, ‘सूनबाई, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.’ हल्ली कुणी तसं करत नाही. हा नुसता रिवाज आहे की नियम? (एक वाचक, डोंबिवली)

नियम आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत (२०१७ मध्ये तिची जागा नव्या नियमावलीनं घेतली) स्पष्ट लिहिलं होतं की डोंगरी किंवा तीव्र चढाच्या रस्त्यावर दोन गाड्या नीट जातील इतकी रुंदी नसेल, तर उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची.

पण रिवाज नियमापेक्षा जुना. बोरघाटात गाडीरस्ता झाला १८३० मध्ये. त्यावर चढाला जादा बैल जुंपून भरलेल्या गाड्या नेत. चढावर थांबलेली बैलगाडी पुन्हा हलवायला काय लागतं हे ज्यानं पाहिलंय, तो तिच्यासमोर अडून उभा राहणार नाही. मोटार आली तेव्हाही तेच. चढावर थांबली की एका पायात क्लच, एका पायात ब्रेक, आणि निघताना गाडी मागे घरंगळण्याची भीती. जुन्या पुष्कळ गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत आणि लांब उतारावर ते तापून धरेनासे होत. म्हणून सासऱ्यांच्या पिढीचे ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, असं शिकवत. ते आजही पाळा.

चढाचं गणितही सांगून ठेवते. डोंगराळ भागात मोटाररस्त्याची आखणी साधारण विसाला एक या चढानं करतात : वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आगगाडीला एवढा चढ झेपत नाही. १८६३ मध्ये सुरू झालेली बोरघाटातली रेल्वे सदतिसाला एक या चढानं जाते. वळणं, बोगदे, कापलेले कडे, सगळं या एका आकड्यापायी. शिडीला यातलं काहीच लागत नाही. माणसाचा गुडघा लागतो.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : माथेरानला मोटारी जाऊ देत नाहीत म्हणून तिथलं सगळं छान राहिलं असं लोक म्हणतात. आम्ही पायथ्याशी राहतो. आमच्या नात्यातले लोक वर ओझी वाहतात. तुम्हाला काय वाटतं? (एक वाचक, कर्जत)

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. कारण मीही माथेरानचं कौतुक करणाऱ्यांतलीच. १८५० मध्ये ह्यू मॅलेट हा इंग्रज अधिकारी वर गेला, तेव्हापासून मुंबईकर तिथे चालत, घोड्यावर, खुर्चीत बसून जात आले. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी १९०७ मध्ये सुरू झाली. मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली तेच वर्ष. मोटार दस्तुरी नाक्याशी थांबते. २००३ मध्ये तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि बंदीला आणखी बळ आलं. लाल मातीच्या त्या वाटांवरून आजही पाच वर्षांचं मूल मधून चालतं आणि आईला त्याचा हात धरावा लागत नाही. गिरगावच्या वाचकांच्या फोटोतलं कुत्रं आज बघायचं असेल तर माथेरानला जावं.

पण ओझं नाहीसं होत नाही, ते कुणाच्या तरी पाठीवर जातं. सिलिंडर, तांदळाची पोती, प्रवाशांच्या बॅगा, सगळं घोड्यानं, हमालानं किंवा हातरिक्षानं. माणसानं माणसाला चढावर ओढत न्यायचं, तिथली शांतता टिकवण्याची ही किंमत होती. ती देणारे तुमचे नातेवाईक होते, आणि शांतता भोगणारे आम्ही. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ते योग्यच झालं असं मी मनापासून म्हणते.

मला काळजी आहे ती पुढच्या पायरीची. मलबार हिलवरही सुरुवात एका-दोन गाड्यांनीच झाली होती. गाडी आली की तिला कडक रस्ता लागतो, मग वळण रुंद करावं लागतं, मग डोंगर कापावा लागतो, मग भिंत. ई-रिक्षा ही हातरिक्षा ओढणाऱ्याच्याच हाती राहावी, तिची संख्या ठरलेली असावी आणि रस्त्याचा मध्य चालणाऱ्याचा राहावा, एवढं गावानं धरून ठेवलं, तर दोन्ही साधेल. घोडेवाल्यांनाही या ठरवण्यात बसवा. रस्ता कुठे घसरतो ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या सातवीच्या मुलांना हा बदल डोळ्यांनी दाखवायचा आहे. मलबार हिलवर कुठून सुरुवात करावी? (एक शिक्षिका, लालबाग)

चौपाटीला सिरी रोडच्या तोंडाशी उभ्या राहा. मुलांना आधी नाव सांगा, शिडी. मग चढा. वर फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे आपलं हँगिंग गार्डन. त्याच्या हिरवळीखाली पाण्याची टाकी आहे हेही सांगा, मुलं पाय आपटून बघतात. जवळच महापालिकेनं मार्च २०२५ मध्ये झाडांतून जाणारी ४८५ मीटर लांबीची लाकडी पायवाट खुली केली. तिचं २५ रुपयांचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. कितीतरी वर्षांनी या टेकडीवर फक्त पायांसाठी काही बांधलं गेलं याचा मला फार आनंद झाला. उद्घाटनानंतरच्या आठवड्यात मी काठी घेऊन तिथे जाऊन आले.

मग बी. जी. खेर मार्गाच्या कडेनं चाला आणि खालच्या ह्यूज रोडकडे बघा. ऑगस्ट २०२० च्या पावसात हाच उतार सुटून माती आणि झाडं खालच्या रस्त्यावर आली होती. डोंगराच्या कडेला रस्ता कापला की वरची माती भिंतीच्या भरवशावर राहते, हे मुलांना तिथे उभं राहून कळेल, फळ्यावर कळणार नाही. पलीकडे केम्प्स कॉर्नरचा १९६५ चा उड्डाणपूल आहे. तिथून परत तीन बत्तीमार्गे बाणगंगेला उतरा. वाटेत जुन्या फाटकांशी रुंद दारांच्या बैठ्या इमारती दिसल्या तर वर खोल्या आहेत का बघा.

रविवारी सकाळी सातच्या आत निघा, नंतर गाड्या वाढतात. मुलांच्या दोन टोळ्या करा. एकीनं शिडीनं चढायचं, दुसरीनं गाडीरस्त्यानं, आणि दोघींनी पावलं मोजायची. मी आठवीत असताना आजोबांनी मला असंच मोजायला लावलं होतं. मुलांचे आकडे मला पाठवा, पुढच्या अंकात त्यांच्या शाळेच्या नावासह छापते.